पुस्तकाची किंमत कोण ठरवतं? झेरॉक्सच्या दुकानापासून उच्च न्यायालयापर्यंत



पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकतो. सिनॉप्सिससाठी संदर्भ शोधायला बसलं की नेमकं कामाचं पुस्तक सात-आठ हजारांचं निघतं, आणि नेमका कामाचा पेपर उघडायला गेलं की ‘आधी तीस-चाळीस डॉलर भरा’ असं पान समोर येतं. हे इतकं महाग का असतं? यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: विषय अवघड, वाचक मोजके, प्रती कमी छापतात, म्हणून किंमत जास्त. त्यात थोडं तथ्य आहे. चार-पाचशे प्रतींच्या संशोधनग्रंथाचा संपादनाचा खर्च त्या चार-पाचशे प्रतींवरच वसूल करावा लागतो. पण एवढंच खरं असतं तर पुढे सांगतोय तो इतिहास घडलाच नसता.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. कॉलेजच्या लायब्ररीतून फिजिक्सचं किंवा केमिस्ट्रीचं एखादं परदेशी पाठ्यपुस्तक काढा. कव्हरवर किंवा आतल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही आवृत्ती फक्त भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा ठरावीक देशांतच विकायची, बाहेर न्यायची नाही. आतला मजकूर बहुतेक वेळा तोच असतो. कागद जरा हलका आणि बांधणी साधी, पण किंमत अमेरिकेतल्या किमतीचा एक छोटा भाग. आता विचार करा, प्रकाशक इथे तोटा सोसून पुस्तक विकतोय का? नाही. म्हणजे त्याहून स्वस्त विकूनही परवडतं. मग अमेरिकेत जास्त का? कारण तिथे तेवढे पैसे निघतात.

हे गुपित एका विद्यार्थ्याने फार प्रसिद्ध केलं. सुपाप कर्टसेंग हा थायलंडचा मुलगा १९९७ मध्ये गणित शिकायला अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि पुढे पीएचडीसाठी कॅलिफोर्नियात. तिथली पाठ्यपुस्तकं घरी स्वस्त मिळतात हे त्याला माहीत होतं. त्याने नातेवाईकांना आणि मित्रांना थायलंडमधून पुस्तकं पाठवायला सांगितलं आणि ती अमेरिकेत ऑनलाइन विकली. वायली या प्रकाशनसंस्थेने २००८ मध्ये त्याच्यावर खटला भरला. खालच्या कोर्टात आठ पुस्तकांसाठी प्रत्येकी ७५ हजार, म्हणजे एकूण ६ लाख डॉलर भरपाई ठरली. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा निकाल उलटवला. कायदेशीरपणे छापलेली प्रत तुम्ही विकत घेतली की ती पुन्हा विकायचा हक्क तुमचा, मग ती प्रत जगात कुठेही छापलेली असो, असा त्या निकालाचा अर्थ. आपल्यासाठी त्यात महत्त्वाचं हे की ज्या गोष्टीला दुसरा पर्याय नाही तिची किंमत तयार करायच्या खर्चावर ठरत नाही, समोरच्याला किती पिळता येईल यावर ठरते. प्राध्यापकांनी सांगितलेलं पुस्तक हेच असतं, त्याऐवजी दुसरं चालत नाही.

जर्नलचं तर याहून सरळ आहे. पहिली विज्ञान नियतकालिकं १६६५ ची. फ्रान्समध्ये जानेवारीत एक निघालं आणि मार्चमध्ये लंडनला रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. त्याला यातून पोटापाण्याची सोय होईल अशी आशा होती, ती काही फारशी पुरी झाली नाही. पुढे सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं आणि जवळजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वतःच्या खिशातून पैसे घालून चालवलं, कितीतरी प्रती जगभरच्या संस्थांना फुकट पाठवल्या. विज्ञान छापणं हा पदरमोड करून करायचा उद्योग आहे, अशीच समजूत होती.

ही समजूत मोडली दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारं संशोधनावर पैसा ओतायला लागली, नवे विषय निघाले, विद्यापीठं वाढली. चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या रॉबर्ट मॅक्सवेल या माणसाने १९५१ मध्ये ब्रिटनमधली एक छोटी प्रकाशनसंस्था विकत घेतली आणि तिचं नाव पर्गामन प्रेस ठेवलं. त्याला उमगलं ते असं: एका जर्नलमधला पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये नसतो. म्हणजे दोन जर्नल एकमेकांशी स्पर्धा करतच नाहीत. ग्रंथालयाला ‘हे महाग आहे, ते घेऊ’ म्हणता येत नाही, दोन्ही घ्यावी लागतात. मग करायचं काय, तर नवनवी जर्नल काढत जायची. नवा उपविषय दिसला की एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाला संपादक करायचं आणि नावात ‘आंतरराष्ट्रीय’ घालायचं. १९५९ मध्ये पर्गामनची ४० जर्नल होती, १९६५ पर्यंत १५० झाली. १९९१ मध्ये मॅक्सवेलने पर्गामन एल्सव्हिअरला ४४ कोटी पौंडांना विकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो आपल्या नौकेवरून समुद्रात पडून मरण पावला आणि नंतर त्याने कर्मचाऱ्यांच्या पेन्शनच्या पैशांत केलेला घोटाळा बाहेर आला. पण तो वेगळा विषय.

या धंद्याची गंमत तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण उद्या तुम्ही त्यात कच्चा माल पुरवणार आहात. पेपर लिहिणारा फुकट लिहितो, त्याला फेलोशिप सरकार देतं. पेपर तपासणारे फुकट तपासतात, त्यांचा पगार विद्यापीठ देतं. आणि तयार झालेला अंक पुन्हा त्याच विद्यापीठाचं ग्रंथालय विकत घेतं. वाचक एक, पैसे भरणारा दुसरा, त्यामुळे प्राध्यापकांना किमतीची झळच लागत नाही. त्यात १९६४ पासून यूजीन गारफिल्डची सायन्स सायटेशन इंडेक्स आली आणि तिच्यातून पुढे इम्पॅक्ट फॅक्टर. ग्रंथपालांच्या सोयीसाठी केलेलं हे मोजमाप नोकरी आणि बढतीचं मोजमाप झालं. मग ‘कुठे छापून आलं’ याला ‘काय छापून आलं’ यापेक्षा जास्त किंमत आली, आणि वरच्या यादीतलं जर्नल बंद करणं कुठल्याही ग्रंथालयाला अशक्य झालं. २०१० मध्ये एल्सव्हिअरचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ३६ टक्के होता. असा टक्का किराणा दुकानदार स्वप्नातही बघत नाही. एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथालय सल्लागार समितीने आपल्याच प्राध्यापकांना लेखी कळवलं की हा खर्च आता झेपत नाही, वर्षाला ३७ लाख ५० हजार डॉलरच्या घरात जातोय आणि काही जर्नलची वार्षिक वर्गणी ४० हजार डॉलर आहे. हार्वर्डला झेपत नसेल तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजचं काय, हे मी वेगळं सांगायला नको.

पण आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे, आणि तो संशोधनाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. स्वातंत्र्यानंतर कॉलेजं भराभर निघाली, पुस्तकं इंग्रजी आणि परदेशी, परकीय चलन तुटपुंजं. तरीही आपल्या आधीच्या दोन पिढ्यांकडे स्वस्त पुस्तकं होती. ती आली कुठून? शीतयुद्धातून! ब्रिटिश सरकारने स्वतःचे पैसे घालून ‘ईएलबीएस’ नावाखाली स्वस्त आवृत्त्या काढल्या. मेडिकलच्या जुन्या डॉक्टरांच्या कपाटात त्या अजून दिसतील. अमेरिकेने पीएल-४८० खाली दिलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत भरले होते, ते इथेच साठून राहिले होते. त्यातून अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या निघाल्या. (त्याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने दिल्लीत कार्यालय थाटून भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठीही होती. शिकागोत मराठीवर काम करणाऱ्याला आपल्याकडे न मिळणारं जुनं पुस्तक मिळतं, त्यामागे हा गहू आहे.) आणि मॉस्कोचं मीर प्रकाशन तर तुम्हाला माहीत असेलच. इरोदोवची फिजिक्सची गणितं ज्या पिढीने सोडवली तिने ती पुठ्ठ्याच्या बांधणीची, काही रुपयांची प्रत हाताळली आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तो पुरवठा आटला. १९९० च्या दशकातच ईएलबीएसही बंद झालं. म्हणजे आपल्याला स्वस्त पुस्तक मिळत होतं ते कुणाला तरी आपली मैत्री हवी होती म्हणून. गरज संपली, पुस्तकं संपली.

भारताने याला कायद्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. १९६७ मध्ये स्टॉकहोमला कॉपीराइटच्या बर्न कराराची फेरतपासणी झाली. तिथे भारताने पुढाकार घेऊन विकसनशील देशांसाठी वेगळा मसुदा मंजूर करून घेतला: शिक्षणासाठी पुस्तकांची भाषांतरं आणि पुनर्मुद्रण करायला सवलत. ब्रिटिश प्रकाशकांनी आकाशपाताळ एक केलं, ब्रिटनने तो मसुदा मान्यच केला नाही, आणि १९७१ मध्ये पॅरिसला त्याची जागा एका किचकट परिशिष्टाने घेतली. त्याच्या आधारे आपण १९८३ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ३२अ घातलं. विज्ञानाचं पुस्तक निघून तीन वर्षं झाली आणि ते भारतात रास्त किमतीत मिळत नसेल, तर शिक्षणासाठी ते छापायचा परवाना मागता येतो. कागदावर उत्तम आहे. पण अर्ज, नोटिसा, मुदती यांच्या जंजाळात ते कलम कागदावरच राहिलं.

प्रत्यक्षात उत्तर शोधलं झेरॉक्सवाल्याने. प्रत्येक विद्यापीठाच्या गेटबाहेर एक असतो. रांग लावून, स्पायरल बाइंडिंग करून देतो, पैसे पानावर. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नावाचं असंच एक दुकान होतं, विद्यापीठाने रीतसर परवाना दिलेलं. शिक्षक अभ्यासक्रमानुसार वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं नेमून देत, दुकानदार त्याचा एक गठ्ठा बांधून ठेवी. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तिघांनी दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि साठ लाखांची भरपाई मागितली. जगातल्या दोन सर्वांत जुन्या विद्यापीठांच्या छापखान्यांनी एका झेरॉक्सवाल्याला कोर्टात खेचलं होतं. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने गठ्ठे विकायला तात्पुरती मनाई केली.

प्रकाशकांचं म्हणणं असं होतं: कायद्यात शिक्षक-विद्यार्थ्यांना जी सूट आहे ती वर्गातल्या शिकवण्यापुरती. इथे तर दुकानदार पैसे घेऊन पुस्तकाला पर्याय विकतोय. विद्यापीठाने परवाना देणाऱ्या संस्थेला फी भरावी आणि खुशाल कॉप्या काढाव्यात. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. फी फार मोठीही नव्हती. पण एकदा फी मान्य केली की सूट संपली, आणि फी वाढवायची चावी दुसऱ्याच्या हातात गेली. विद्यार्थ्यांनी संघटना काढली आणि ते स्वतः खटल्यात पक्षकार झाले. ज्यांच्या पुस्तकांतली पानं गठ्ठ्यांत होती त्यातल्या बऱ्याच लेखकांनीच दावा मागे घ्या असं पत्र लिहिलं. अमर्त्य सेन यांनीही ऑक्सफर्डला तसं कळवलं. लेखक एका बाजूला आणि त्याच लेखकांच्या नावाने हक्क सांगणारा प्रकाशक दुसऱ्या बाजूला, हे चित्र त्या खटल्याने सगळ्यांसमोर आणलं.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. हे निकालपत्र तुम्ही मुळातून वाचा, कायदा शिकलेला नसलात तरी समजतं. कॉपीराइट हा देवाने दिलेला किंवा निसर्गाने दिलेला हक्क नाही, कायद्याने समाजाच्या भल्यासाठी निर्माण केलेला आहे, म्हणून कायद्याने जिथे सूट दिली तिथे तो हक्क नाहीच, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्या विद्यार्थिदशेत मुलं ग्रंथालयात पाळीपाळीने बसून प्रकरणंच्या प्रकरणं हाताने उतरवून घेत, याची आठवण त्यांनी निकालात लिहिली आहे. हाताने उतरवलेलं चालतं, तर तेच यंत्राने केलं की गुन्हा कसा होईल? प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने मूळ तत्त्व कायम ठेवलं: शिकवण्याची प्रक्रिया वर्गाच्या चार भिंतींपुरती नसते, आणि नेमकी इतकीच पानं अशी मर्यादा कायद्यात नाही, शिकवण्यासाठी ती लागतात का एवढं बघायचं. पानं खरंच लागत होती का, हे तपासायला मात्र प्रकरण परत पाठवलं. एक मुद्दा खंडपीठाने फार नेमका मांडला. एकेका प्रकरणासाठी तीस-चाळीस पुस्तकं विकत घेणारा विद्यार्थी नसतोच, कॉपी मिळाली नाही तर तो ग्रंथालयात जाऊन बसेल. मग प्रकाशकाचं गिऱ्हाईक गेलं कुठे? मार्च २०१७ मध्ये तिन्ही प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

दिल्लीचा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण कायदा देशभर एकच आहे. कलम ५२ खाली स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा आहे आणि शिकवण्यासाठी वेगळी सूट आहे. याचा अर्थ अख्खं पुस्तक छापून विकायचा परवाना मिळाला असा कुणी काढू नये. पण लायब्ररीतलं एक प्रकरण झेरॉक्स करताना चोरी करतोय असं वाटून घ्यायचंही कारण नाही.

यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही जगताच आहात. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ मध्ये सुरू केलेल्या साय-हबवर एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीतच दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये ती साइट भारतात बंद करायचा आदेश निघाला. दरम्यान केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल, ६,३०० च्या वर सरकारी संस्था. ज्या विद्यापीठाच्या विभागाला एकही चांगलं जर्नल घेता येत नव्हतं, तिथे आज हजारो उघडतात. हा फरक मला छोटा वाटत नाही. पण तीन गोष्टी बघा. योजना सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे, आणि महाराष्ट्रात खासगी शिक्षणसंस्थांची कॉलेजं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. योजनेचा गाभा जर्नल आहेत, तुमच्या सात-आठ हजारांच्या पुस्तकाचा प्रश्न तिने सुटत नाही. आणि वर्षाला सरासरी दोन हजार कोटी देऊन आपण वाचायचा परवाना घेतलाय, २०२७ नंतर पुन्हा वाटाघाटीला बसायचंय. तेव्हा समोरच्याला आपली सवय किती लागलीय हे माहीत असेल. ईएलबीएस आणि मीरचा इतिहास आठवून मला थोडी धास्ती वाटते, ती एवढ्यासाठीच.

‘ओपन अ‍ॅक्सेस’मध्ये सगळं सुटलं असंही नाही. तिथे वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेण्याची पद्धत वाढली. ‘नेचर’ने नोव्हेंबर २०२० मध्ये एका पेपरसाठी ९,५०० युरो जाहीर केले. त्यात एका जेआरएफची जवळपास दोन वर्षं निघतात.

तर सध्या करायचं काय? तुमचं सेंटर त्या योजनेच्या यादीत आहे का ते ग्रंथपालांना आजच विचारा. बऱ्याच ठिकाणी नुसतं नाव नोंदवायचं राहिलेलं असतं. फिजिक्स-गणितवाल्यांनी आधी अर्काइव्ह बघावं. पॉल गिन्सपार्गने १९९१ मध्ये सुरू केलेल्या या साठ्यात छापलेल्या पेपरचा मसुदा बहुधा असतोच. लेखकाला दोन ओळींची ईमेल करा, बरेच जण त्याच दिवशी पीडीएफ पाठवतात. भारतातल्या प्रबंधांसाठी शोधगंगा, आणि पुस्तकासाठी आंतरग्रंथालयीन देवघेव. हे खातं तुमच्या लायब्ररीत बहुधा असतं, फक्त ते कुणी विचारत नाही. आणि तुमचा पहिला पेपर स्वीकारला गेला की कॉपीराइट हस्तांतराचा फॉर्म येईल. आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. तुमचा स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या साठ्यात कधी ठेवता येईल हे त्यात कुठेतरी लिहिलेलं असतं. डीएसटी किंवा डीबीटीच्या पैशावर काम केलं असेल तर डिसेंबर २०१४ च्या त्यांच्या धोरणानुसार तो ठेवणं अपेक्षितच आहे. त्या फॉर्ममधली भाषा जरा फसवी असते. पुढच्या लेखात असा एक फॉर्म आपण ओळीओळीने वाचू.